लुंबिनीचा स्तंभ: राजाची यात्रा आणि गावाचा सारा

१/ नेपाळच्या तराईत, रुपनदेही जिल्ह्यात, एक दगडी स्तंभ उभा आहे. त्याचा माथा तुटलेला आहे, अंगाला तडा गेलेला आहे. त्यावर ब्राह्मी लिपीत जेमतेम पाच ओळी कोरलेल्या आहेत. भगवान बुद्धांचा जन्म नेमका कोठे झाला, याचा सर्वांत जुना उपलब्ध शिलालेखीय पुरावा या पाच ओळींत आहे. त्याच ओळींत आणखी एक नोंद आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ती नोंद एका गावाच्या कराविषयी आहे.

२/ हा थ्रेड लुंबिनीच्या यात्रेचा आहे. सम्राट अशोकापासून चिनी भिक्षूंपर्यंत आणि खस राजापासून आजच्या बसयात्रेपर्यंत येथे कोण आले, त्यांनी काय पाहिले आणि मधल्या काही शतकांत जग हे ठिकाण कसे विसरले, हे यात पाहायचे आहे. सोबत एक प्रश्नही आहे: तीर्थक्षेत्र टिकते ते कोणामुळे? तेथे येणाऱ्यांमुळे की तेथे राहणाऱ्यांमुळे?

३/ सुरुवात ग्रंथापासून. दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात श्रद्धावंताने पाहावीत अशी चार स्थळे सांगितली आहेत: तथागतांचा जन्म झाला ते, संबोधी प्राप्त झाली ते, पहिले धर्मप्रवचन झाले ते आणि परिनिर्वाण झाले ते. म्हणजेच लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर. ही स्थळे पाहून मनात 'संवेग' उत्पन्न होतो, असे सुत्त सांगते. संवेग म्हणजे मनाला हलवून जागे करणारी भावना. या यात्रेत श्रद्धायुक्त चित्ताने मृत्यू आला तर सद्गती लाभते, असेही तेथे म्हटले आहे.

४/ ग्रंथातील या उपदेशाला राजकीय बळ दिले अशोकाने. त्याचा आठवा शिलालेख या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात आणि त्या यात्रांत शिकार व करमणूक असे, असे अशोक तेथे सांगतो. स्वतः मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो संबोधीच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून 'धम्मयात्रा' सुरू झाली. श्रमण-ब्राह्मणांची भेट, त्यांना दान, वृद्धांची विचारपूस आणि ग्रामीण लोकांशी धम्माविषयी संवाद, हे या यात्रेचे कार्यक्रम होते.

५/ यातील शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवावा. धम्मयात्रेत राजाला भेटायचे होते ते 'जानपद' लोकांना, म्हणजे नगराबाहेरच्या खेड्यापाड्यांतील माणसांना. अशोकाची यात्रा मूर्तीच्या किंवा स्तूपाच्या दर्शनापुरती नव्हती. वाटेत लागणारा मुलूख आणि त्यातील रयत हाही तिचा भाग होता. लुंबिनीचा लेख वाचताना ही पार्श्वभूमी उपयोगी पडते.

६/ राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर, म्हणजे इ.स.पू. २४९ च्या सुमारास, अशोक लुंबिनीला आला. त्याच वर्षी तो जवळच असलेल्या कनकमुनी बुद्धांच्या स्तूपालाही गेला. तशी नोंद निगाली सागर येथील स्तंभावर आहे. हा स्तूप त्याने सहा वर्षांपूर्वीच दुप्पट मोठा करविला होता. दोन स्तंभ आणि दोन्हींवर विसावे वर्ष, यावरून ही एकाच प्रवासातील दोन ठिकाणे असावीत, असे अभ्यासक मानतात.

७/ लुंबिनीच्या लेखाचा आशय असा: देवांना प्रिय असलेल्या प्रियदर्शी राजाने अभिषेकानंतर वीस वर्षांनी स्वतः येथे येऊन पूजा केली, कारण येथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले. त्याने शिलास्तंभ उभारविला. आणि येथे भगवंतांचा जन्म झाला म्हणून लुंबिनी गाव 'उबलिके' आणि 'अठभागिये' करण्यात आले. लेख येथेच संपतो. राजाची मोठी बिरुदे नाहीत, विजयांची यादी नाही, बुद्धचरित्रातील चमत्कारही नाहीत.

८/ आता या दोन शब्दांकडे वळू. 'बळी' हा प्राचीन काळी राजाला द्यावा लागणारा कर होता. 'उबलिके' म्हणजे या करातून मुक्त. 'भाग' म्हणजे पिकातील राजाचा हिस्सा. धर्मशास्त्रांत हा हिस्सा साधारणपणे एक षष्ठांश सांगितला जातो. 'अठभागिये' म्हणजे तो एक अष्टमांशावर आणला, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. गावाचा एक कर पूर्ण माफ झाला आणि दुसरा कमी झाला.

९/ आकडेमोड करून पाहा. चोवीस खंडी धान्य पिकले तर षष्ठांशाने चार खंडी राजाच्या कोठारात जाते, अष्टमांशाने तीन. म्हणजे चोविसातली एक खंडी गावात जास्त राहते. तराईतील भातशेती करणाऱ्या कुटुंबासाठी हा फरक लहान नव्हता. विशेष म्हणजे राजाने सारा पूर्ण माफ केलेला नाही. राज्याचा हिशेब चालू ठेवून दिलेली ही सवलत आहे, म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो.

१०/ लेखातील एक शब्दप्रयोग मात्र आजही वादाचा आहे. 'सिला विगडभी चा' या अक्षरांचा अर्थ काही विद्वानांनी दगडी भिंत असा लावला, तर काहींनी त्यात स्तंभावरील अश्वाचा उल्लेख वाचला. इतरही वाचने आहेत. या एका जागेवर एकमत झालेले नाही. गाव, कर आणि जन्मस्थान यांविषयीची वाक्ये मात्र स्पष्ट आहेत.

११/ हीच यात्रा पुढे कथेत कशी बदलली, ते 'अशोकावदान' या संस्कृत ग्रंथात दिसते. तेथे स्थविर उपगुप्त राजाला हाताला धरून लुंबिनीवनात नेतात. बुद्धजन्माची साक्षीदार असलेल्या वृक्षदेवतेला ते बोलावतात आणि राजा तिला त्या क्षणाविषयी विचारतो. शेवटी अशोक तेथे एक लाख सुवर्णमुद्रा अर्पण करतो व चैत्य बांधवितो.

१२/ कथेला लाख मुद्रा हव्या असतात, कारण कथा दात्याच्या औदार्याची असते. स्तंभावर एकाही सुवर्णमुद्रेचा उल्लेख नाही. तेथे आहे गावाचे नाव आणि साऱ्याचा हिस्सा. सुवर्णदान एकदा होते आणि संपते. कमी झालेला सारा प्रत्येक सुगीला जाणवतो. अशोकाने गावाला जे दिले ते दरवर्षी मोजता येण्याजोगे होते, आणि ते दगडावर कोरल्यामुळे पुढच्या अधिकाऱ्याला नाकारणेही अवघड होते.

१३/ साडेसहा शतकांनंतर चिनी भिक्षू फाहियान येथे आला. इ.स. ३९९ मध्ये त्याने चांगआन सोडले होते आणि विनयग्रंथांच्या शोधात तो भारतात फिरत होता. कपिलवस्तू त्याला उजाड दिसले: थोडे भिक्षू आणि काही दशके घरे. रस्त्यावर हत्ती आणि सिंहांचे भय असल्याचे तो लिहितो. लुंबिनीत त्याने मायादेवीच्या स्नानाचे कुंड पाहिले आणि भिक्षू तेथील पाणी पितात, अशी नोंद केली. स्तंभाविषयी तो काहीच सांगत नाही.

१४/ सातव्या शतकात युआन श्वांग आला, आपल्याकडे ज्याला ह्युएन त्संग म्हणतात तो. त्याने मात्र स्तंभ पाहिला. त्यावर अश्वाची मूर्ती होती आणि दुष्ट नागाच्या कोपाने स्तंभ मध्येच मोडून पडला, असे तो सांगतो. वीज पडल्याचे हे त्या काळच्या भाषेतले वर्णन मानले जाते. जवळून वाहणाऱ्या एका ओढ्याला लोक तेलाची नदी म्हणतात, असेही त्याने लिहिले. त्या परिसरात आजही तिलार नावाची नदी आहे. स्तंभावरचा अश्व मात्र आजवर हाती लागलेला नाही.

१५/ आठव्या शतकात कोरियाचा भिक्षू हेचो या प्रदेशात आला, तेव्हा परिस्थिती आणखी बिघडली होती. कपिलवस्तूत स्तूप होते, पण भिक्षू आणि वस्ती नव्हती. जंगल माजले होते आणि वाटमाऱ्यांमुळे यात्रेकरूंना तेथे पोहोचणे कठीण झाले होते. या तिघांच्या नोंदी एकापुढे एक ठेवल्या की एक क्रम दिसतो: आधी वस्ती विरळ झाली, मग वाट असुरक्षित झाली आणि त्यानंतर यात्रा रोडावली.

१६/ तरीही वाट पूर्ण बुजली नाही. इ.स. १३१२ च्या सुमारास पश्चिम नेपाळातील खस मल्ल राज्याचा रिपुमल्ल येथे आला. लुंबिनी आणि निगाली सागर या दोन्ही स्तंभांवर त्याच्या नावासह 'ॐ मणिपद्मे हुं' हा मंत्र कोरलेला आहे. अशोकानंतर सुमारे साडेपंधरा शतकांनी दुसरा एक राजा त्याच दोन स्थळांवर आला आणि त्यानेही दगडावर आपली खूण ठेवली. ही लुंबिनीच्या जुन्या यात्रेची शेवटची मोठी लेखी साक्ष आहे.

१७/ त्यानंतर पाच-सहा शतके शांतता. गंगेच्या खोऱ्यातील मोठे विहार लयाला गेले होते. भिक्षुसंघ नसेल तर यात्रेकरूंना वाट दाखवणारा, निवारा देणारा आणि स्थळाची कथा सांगणारा कोणी उरत नाही. तराईचे जंगल आणि हिवताप यांनी उरलेले काम केले. माती साचत गेली आणि अशोकाचा लेख जमिनीखाली गेला. बाहेर राहिला तो स्तंभाचा वरचा भाग आणि त्यावरील नंतरच्या यात्रेकरूंच्या खुणा.

१८/ पण जागा रिकामी नव्हती. टेकाडावर एक लहान देऊळ होते आणि त्यात झिजलेले एक शिल्प होते: झाडाची फांदी धरून उभी असलेली स्त्री. आसपासचे गावकरी तिला रुम्मिनदेई म्हणून पुजत होते. वास्तविक ते बुद्धजन्माचे शिल्प, म्हणजे सालवृक्षाची फांदी धरलेली मायादेवी. पूजा करणाऱ्यांना ती ग्रामदेवता होती. बुद्धकथा त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती, पण देवीचे ठाणे त्यांनी सोडले नव्हते.

१९/ आणि नाव? 'रुम्मिनदेई' हा शब्द नीट ऐका. अशोकाच्या लेखात गावाचे नाव 'लुंमिनि' असे आहे. पूर्वेकडील प्राकृतात 'र'च्या जागी 'ल' येतो. याच लेखात 'राजा'चे रूपही 'ल'ने सुरू होते. 'लुंमिनि' आणि 'रुम्मिन' ही एकाच नावाची दोन उच्चारणे आहेत. त्याला 'देवी'चे 'देई' जोडले गेले. ग्रंथ वाचणारे भिक्षू निघून गेले, तरी जन्मस्थानाचे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी दोन हजारांहून अधिक वर्षे टिकून राहिले.

२०/ १ डिसेंबर १८९६ रोजी येथे पाल्पाचे राज्यपाल जनरल खड्गशमशेर राणा आणि जर्मन पुराविद अलोइस फ्यूरर यांची भेट झाली. खड्गशमशेर यांच्या माणसांनी स्तंभाभोवतीची माती काढली आणि खालचा लेख उजेडात आला. गेओर्ग ब्यूलर या ख्यातनाम लिपितज्ज्ञाने तो प्रसिद्ध केला. बुद्धजन्माचे स्थान निश्चित झाल्याची वार्ता जगभर गेली.

२१/ या शोधाला एक काळी किनार आहे. याच फ्यूररने उ मा नावाच्या बर्मी भिक्षूला बुद्धांचे म्हणून बनावट अवशेष दिले होते. त्यातील एक दात मानवी दातासारखाही नव्हता. निगाली सागरजवळ भव्य स्तूप सापडल्याचे त्याचे वर्णनही खोटे निघाले. त्यासाठी त्याने सांचीच्या स्तूपांविषयीचे अलेक्झांडर कनिंगहॅमचे लिखाण उतरवले होते. १८९८ मध्ये त्याला पद सोडावे लागले. श्रद्धेने आलेल्या माणसाची फसवणूक करणारा हा गृहस्थ सरकारी पुराविद होता.

२२/ मग स्तंभलेखही बनावट असेल का? ही शंका वेळोवेळी घेतली गेली आहे. परंतु उत्खनन खड्गशमशेर यांच्या माणसांनी केले होते. लेखाची भाषा आणि अक्षरवळण अशोकाच्या इतर लेखांशी जुळते. युआन श्वांगने बाराशे वर्षांपूर्वी येथे अशोकाचा स्तंभ असल्याचे लिहून ठेवले होते. स्थानिक नावही लेखातील नावाशी मिळते. म्हणून अभ्यासकांचा फार मोठा वर्ग हा लेख अस्सल मानतो.

२३/ फ्यूररनंतर १८९९ मध्ये पूर्णचंद्र मुखर्जी या भारतीय पुराविदाने लुंबिनी आणि तिलौराकोट येथे शिस्तबद्ध काम केले. मराठी वाचकांपर्यंत हा लेख पोहोचवण्यात गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांचा वाटा आहे. 'भगवान बुद्ध' या ग्रंथात बुद्धांच्या जन्मस्थानाची चर्चा करताना त्यांनी या स्तंभलेखाचा आधार घेतला. चमत्कारांनी भरलेल्या कथांपेक्षा दगडावरील नोंदीला त्यांनी अधिक वजन दिले.

२४/ पुढचा मोठा यात्रेकरू राजा नव्हता. १९६७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे महासचिव ऊ थांट लुंबिनीला आले. ते स्वतः बर्मी बौद्ध होते. स्थळाची उपेक्षा पाहून त्यांनी विकासासाठी पुढाकार घेतला आणि १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. जपानी वास्तुविशारद केंझो तांगे यांचा आराखडा १९७८ मध्ये मंजूर झाला. १९९७ मध्ये लुंबिनी जागतिक वारसा यादीत आली.

२५/ तांगे यांच्या आराखड्याचे तीन भाग आहेत: दक्षिणेला पवित्र उद्यान, मध्ये विविध देशांच्या विहारांचे क्षेत्र आणि उत्तरेला यात्रेकरूंच्या सोयीसाठी 'नवे लुंबिनी ग्राम'. या मोकळ्या, शांत परिसरासाठी आधीच्या वस्त्या मात्र तेथून हलवण्यात आल्या. अशोकाच्या लेखात जन्मस्थानाचा मान गावाला साऱ्याच्या सवलतीच्या रूपाने मिळाला होता. विसाव्या शतकात त्याच मानापायी गावकऱ्यांना जमीन सोडावी लागली.

२६/ आराखड्याची गरज नाकारण्याचे कारण नाही. त्याच्याशिवाय स्थळाचे संरक्षण झाले नसते. १९९० च्या दशकात मायादेवी मंदिराखाली उत्खनन होऊन जन्मस्थान दर्शवणारी मानली जाणारी शिळा उजेडात आली. २०१३ मध्ये रॉबिन कनिंगहॅम आणि कोशप्रसाद आचार्य यांच्या पथकाने विटांच्या मंदिराखाली लाकडी खांबांच्या खळग्यांचा पुरावा मांडला. त्याचा काळ त्यांनी इ.स.पू. सहावे शतक असा दिला. मधली जागा उघडी होती आणि तेथे झाडाच्या मुळांच्या खुणा होत्या. ते बौद्ध पूजास्थानच होते की त्याआधीचे वृक्षपूजेचे ठिकाण, यावर वाद चालू आहे.

२७/ महाराष्ट्राशी या यात्रेचे नाते १९५६ नंतर दृढ झाले. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि पुढच्याच महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. आज नागपूर, औरंगाबाद, मुंबई येथून निघालेले यात्रेकरू गोरखपूर-सोनौली मार्गे लुंबिनीला पोहोचतात. त्यांतील अनेकांच्या आजी-आजोबांच्या पिढीला ही वाट ठाऊक नव्हती.

२८/ सुरुवातीचा प्रश्न आता पुन्हा घेता येईल. फाहियान, युआन श्वांग आणि हेचो आले नसते तर मधल्या काळाची लुंबिनी आपल्याला कळली नसती. गावकऱ्यांनी रुम्मिनदेईचे ठाणे आणि नाव धरून ठेवले नसते तर तो स्तंभ म्हणजे तराईतील एक निनावी दगड ठरला असता. यात्रेकरूंनी स्थळाची कीर्ती दूरवर नेली. गावाने स्थळ जागेवर राखले.

२९/ अशोकाच्या पाच ओळींत या दोघांनाही जागा आहे: स्वतः येऊन पूजा करणारा यात्रेकरू आणि ज्याचा सारा हलका झाला ते गाव. लुंबिनीला गेलात तर स्तंभासमोर हात जोडून झाल्यावर लेखाच्या शेवटच्या ओळी अवश्य पाहा. लुंबिनी गावाचे नाव तेथे कोरलेले आहे.